गाण्याखाली गेलेला दादा

गाणी मागितली होती का मी? नाय, तुमीच सांगा, बसलाच आहात तर सांगा... वाशिंदच्या त्या कॉम्प्युटरवाल्या शेखरला मी काय बोललो होतो? 'ही लग्नाची व्हिडिओ कॅसेट, हिची सीडी करून दे, पण जशी आहे तशी, इकडचं तिकडं करायचं नाय.' आणि घरी येऊन सीडी लावली तर काय! पहिला बदामात नवरा, मग गुलाब उमलतोय, गुलाबातून नवरी बाहेर येतेय, आणि मागं गाणं! एक संपलं की दुसरं! हळदीला गाणं, अक्षतांना गाणं, अरे कोपऱ्यात एक म्हातारी जिलेबी खातेय, तिलासुद्धा गाणं! माणसं नुसती तोंडं हलवतायत, आवाज एकाचा नाय. मागितली होती का गाणी?

तुम्हाला सांगतो, मला ते लग्नच नको होतं. लग्न शेजारच्या गीताबाईच्या पोरीचं, मला काय करायचंय त्याचं? मला पायजे होता माझा दादा. कुंडलिकदादा. आमच्या शेणव्यापासून पार मुरबाडपर्यंत, मांडव कुणाचाही असो, शूटिंग दादाचंच. खांद्यावर हा एवढा कॅमेरा, आणि मागून वायर सांभाळत, लाइट घेऊन मी. शाळेचं आणि माझं सातवीतच फाटलं होतं, मग जाणार कुठं? दादाच्या मागं. आणि गेल्या पावसाळ्यात दादाला कावीळ झाली. झाडपाला झाला, सिव्हिल झालं... आणि गेला. शूटिंग चालू असताना बॅटरी उतरते ना, तसा. अर्ध्या वाक्यात.

आता बघा, ज्यानं अख्ख्या तालुक्याचं शूटिंग केलं, त्याचं कोणी केलंय? कोणीच नाय! भिंतीवर हार घातलेला एक फोटो आहे, पण फोटो बोलतो का? परवा आई भाकरी थापता थापता थांबली. बोलली, 'नवस्या, मला त्याचं तोंड दिसतंय रे, पण आवाज आठवंना.' मी म्हटलं, थांब, मी बोलून दाखवतो, त्यात काय एवढं... आणि तोंड उघडलं तर माझाच आवाज आला. तव्यावरची भाकरी करपली, पण कोणी उठलं नाय.

मग मी विचार करत बसणारा माणूस आहे का? उठलो तसाच, गीताबाईच्या कपाटातनं कॅसेट काढली आणि वाशिंद गाठलं. हिशेब सरळ होता. कॅमेरा दादाच्या खांद्यावर, माइक दादाच्या तोंडाजवळ, म्हणजे नवरा-नवरीपेक्षा मोठा आवाज दादाचाच असणार. आणि मिळाली काय? गाणी!

गेलो की परत. शेखरची कॉलरच धरली. 'दादाचा आवाज कुठं घातलास?' तो खुर्चीतच आक्रसला. 'अरे सोड, सोड, मी काय केलं? कॅसेटमध्ये होतं ते उतरवलं! गाणी आधीपासूनच होती. मिक्सिंग केलंय कोणीतरी.'

'कोणी?'

'आता कोणी... ज्यानं शूटिंग केलं त्यानंच ना!'

कॉलर माझ्या हातातून आपोआप सुटली. कारण खरंच, दर लग्नानंतर दादा कल्याणला मिक्सिंगला जायचा. मी घरी वायरी गुंडाळत बसायचो, तिथं काय करतात ते मला काय ठाऊक! तिथं बसून स्वतःचाच आवाज पुसायचा आणि वर गाणी घालायचा. आणि जी मूळ कॅसेट, तिच्यावर पुढचं लग्न! एका नवरीवर दुसरी नवरी, तिच्यावर तिसरी. अरे दादा, तुझ्याकडे तरी गाणी मागितली होती का कोणी?

तरी वाटलं, एखाद्या घरी तरी गाणं संपून दुसरं चालू व्हायच्या मधे तो सापडेल. म्हणून घरोघरी कॅसेटी मागत फिरलो. लोकांना वाटलं, पोरगं सेवाच करतंय. 'नवसू, आमची पण सीडी कर रे, साखरपुड्याची पण आहे.' 'आमच्या कॅसेटला बुरशी आलीय, पुसून घे हां.' पिशव्या भरभरून दिल्या! आता दुपारी आई शेतावर गेली की घरात मी एकटा, आणि समोर दोनशे माणसं नाचतायत. ओळखीचं कोणी दिसलं की मी चक्क हात करतो. परत कोण हात करतंय? सगळा तालुका आहे तिथं, मेलेल्या आत्या आहेत, मेलेला बैल आहे, एक दादा सोडून. फक्त एकदा, एका वरातीत, कडेला काहीतरी जाडजूड आडवं आलं. बोट! दादाचं बोट, काचेवर आलेलं! सीडी तिथंच थांबवली, धावत शेतावर जाऊन आईला आणलं. आई पडद्याला नाक लावून बघत राहिली. मग बोलली, 'नख वाढवलंय मेल्यानं.'

शेवटी गीताबाईच बोलली, 'अरे, त्या मुरबाडकडच्या धोंडीची कॅसेट कुठं पुरी झाली होती? मारामारीतच लग्न मोडलं ना ते!'

म्हणजे ती मिक्सिंगला गेलीच नव्हती! असा उठलो... तो धोंडी आठवतो ना! म्हणजे तुम्हाला कसा आठवणार, सांगतो. त्याच्या पोरीच्या लग्नात मामाच्या मानाच्या टॉवेलवरून जुंपली, अक्षता हातातच राहिल्या, आणि धोंडीनं कॅमेऱ्यातनं कॅसेट काढून घेतली, 'हा माझा पुरावा!' पोरीचं पुढं दुसरीकडं लग्न झालं, तिला दोन पोरं झाली, पण पुरावा अजून भाताच्या कणगीत, प्लास्टिकच्या पिशवीत. म्हातारा देईना. म्हटलं, 'काका, मला भांडण नको, फक्त आवाज पायजे.' तर बोलतो, 'आवाजच आहे त्यात, दुसरं काय नाय!' शेवटी फोटोतला दादा दाखवला, तेव्हा विरघळला. पण पुरावा एकटा सोडणार नाय म्हणून स्वतः एसटीत बसून वाशिंदला आला.

तुम्हाला सांगतो, कॅसेट घाईनं उतरत नाय. भांडण जेवढा वेळ झालं तेवढा वेळ पुन्हा बघावं लागतं. धोंडीकाका खुर्चीवरून उड्या मारतोय, 'बघ, बघ! त्यानंच आधी ढकललं!' खुर्च्या उडतायत, मामाचा टॉवेल फाटतोय, पंगतीतली माणसं पत्रावळी उचलून पळतायत... आणि कानाजवळ, अगदी कानाजवळ, शांतपणे दादा. मारामारी चालू आहे, कॅमेरा हलत नाय, आणि दादा म्हणतो,

'नवस्या, जेवलास का? लाइट ठेव नि दोन घास खाऊन घे. आता इथं परत कोणी वाढणार नाय.'

बस. एवढंच. पुढं धोंडीकाकाचा हात कॅमेऱ्यावर.

धोंडीकाका उड्या मारायचा थांबला. शेखरनं घसा साफ केला, बोलला, 'आवाज जरा खरखरीत आहे... मागं हलकंसं गाणं देऊ?' मी नुसतं बघितलं त्याच्याकडं. 'नको, नको,' बोलला, 'कोणी मागितलंय!'

आता सीडी घरी आहे. आई सकाळी लावायला सांगते, दुपारी सांगते, दिवेलागणीला सांगते. दादा विचारतो, 'जेवलास का?' आणि आई पदरानं डोळे पुसत उठते, ताट घेते, वाढते. आत्ताच जेवलोय म्हणून सांगितलं एकदा, तर माझ्याकडं असं बघितलं, जसं काय मी दादालाच उलट बोललो... आणि गावात लोक काय बोलतात ठाऊक आहे? 'भाऊ जाऊन वर्ष नाय झालं, नि नवस्या बघा अंगानं कसा सुटलाय!'

काय सांगायचं लोकांना? तो विचारतो, ती वाढते... मी जेवतो.