स्टारबोर्ड कळणारा बैल

थापा वाटतील, पण खरं हाय. आमचे चुलते, तात्या, नेव्हीत सुकाणू धरायचे. रिटायर होऊन शेती धरली, तरी बैलाला डावीकडं वळवायचं तर ‘पोर्ट’ आणि उजवीकडं तर ‘स्टारबोर्ड’. बैल निमूट वळायचा.

पुढं त्यो बैल आष्ट्याच्या एकानं घेतला. दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन.

“आवं तात्या, बैल उजवीकडं वळंना. परत घ्या.”

“फोन त्याच्या कानाला लाव.”

लावला. तात्या ओरडले, “स्टारबोर्ड!”

“वळला की वं! पण जोडीचा जाग्यावरच हाय.”

“त्याला तू काय म्हणतोस?”

“शिवी देतो.”

“मग दोन्ही म्हण.”

आता त्यो गडी रोज एका दमात स्टारबोर्ड म्हणतो आणि शिवी हासडतो. जोडी झकास वळते.