झोपमोड

कॅप्टन : नाही, आधी उत्तर दे. परवा लंबूच्या नाकावर चेंडू कुणी मारला?

मनी : मारला नाही ताई, पास दिला. चांगला पास होता.

कॅप्टन : चांगलाच होता. इतका चांगला, की लंबूला कळायच्या आत तिच्या नाकावर पोचला. अजून कापूस घालून फिरतेय बिचारी.

मनी : ती बघत नव्हती त्याला मी काय करू? मी डोळ्यांनी खूण केली होती.

कॅप्टन : तिची पाठ होती तुझ्याकडे! पाठीला डोळे असतात का? आणि तोंड कशाला दिलंय तुला, नुसता डबा खायला?

मनी : थोडाच वेळ उतरवलं होतंत मला, तेवढ्यात तीन बास्केट केल्या. ते मात्र कुणी बोलत नाही.

कॅप्टन : मी बोलते ना. पहिल्या वर्षाची असून तुझ्याइतका चेंडू या कॉलेजात कुणाच्या हाताला चिकटत नाही. माझ्यासुद्धा नाही. झालं समाधान? आता हरभऱ्याच्या झाडावरून उतर आणि हा बर्फ घोट्यावर नीट ठेव. हळू! पाय आहे तो, गाडीचं चाक नाही.

मनी : फारच सुजलाय गं ताई.

कॅप्टन : सुजू दे. डॉक्टर म्हणतात, आठवडाभर पाय टेकायचा नाही. फायनल आहे आठवड्याने. म्हणजे आज सेमीफायनल जिंकलो तर मी शेवटची मॅच खेळणार, आणि हरलो तर माझं कॉलेज या बाकावर संपलं, बर्फाच्या पिशवीसोबत. आता कळलं, मी तुझं डोकं का खातेय ते?

मनी : म्हणजे आज तुझ्या जागी मी?

कॅप्टन : ते ठरायचंय. मॅडमनी माझ्यावर सोपवलंय. एक तर तू, नाहीतर दुसऱ्या वर्षाची ती घड्याळ.

मनी : घड्याळ? ती आधी टप्पे मारते, मग विचार करते, मग परत टप्पे मारते!

कॅप्टन : पण विचार झाला की मोठ्याने सांगते. गार्ड म्हणजे काय? चेंडू पुढे न्यायचा आणि बाकी चौघींना हाकायचं. तू नेतेस झकास. हाकायच्या नावाने मात्र शंख. मॅडम आत्ता येतील आणि नाव विचारतील. काय सांगू?

मनी : माझं सांग. बिनधास्त सांग.

कॅप्टन : आत्मविश्वासाला काही तोटा नाही! बरं, ओरड. इथे आपण दोघीच आहोत. ‘लंबू, डावीकडे!’ असं ओरड.

मनी : लंबू, डावीकडे.

कॅप्टन : हे ओरडणं झालं? माझ्या आजीची उचकी याहून मोठी असते. परत.

मनी : लंबू, डावीकडे!

कॅप्टन : हां, आता उचकीएवढं झालं. मने, खरं सांग. घरी ओरडलं की कुणी मारायचं का तुला?

मनी : छे गं! बाबांनी कधी बोटसुद्धा लावलं नाही. बाबा झोपलेले असायचे.

कॅप्टन : सगळ्यांचेच बाबा झोपतात.

मनी : भरदुपारी नाही झोपत. माझे बाबा बेकरीत आहेत, कायमची रात्रपाळी. पाव भट्टीतून निघाले की सकाळी घरी. आणि आमची खोली एकच. मी शाळेतून यायचे तेव्हा त्यांची मध्यरात्र चाललेली. दार उघडायच्या आधी आईचं बोट ओठांवर. दाराच्या घंटीत कापूस. आम्ही बहिणी भांडायचोसुद्धा कुजबुजत. एकमेकींच्या झिंज्या ओढायच्या, पण आवाज नाही काढायचा.

कॅप्टन : आणि चेंडू? तो कसा कुजबुजणार?

मनी : तोच तर घोळ होता. रस्त्यावर गाड्या, घरात बाबा. मग दाराबाहेरच्या जिन्यापाशी जुनं ब्लँकेट घड्या घालून पसरलं आणि त्यावर टप्पे मारले. ब्लँकेटवर चेंडू उसळतच नाही. जीव खाऊन दाबावा लागतो, तेव्हा कुठे गुडघ्यापर्यंत येतो.

कॅप्टन : थांब, थांब. म्हणून तुझ्या हातातून कुणाला चेंडू काढता येत नाही!

मनी : इथे कोर्टवर पहिला टप्पा मारला ना, तर चेंडू आपणहून हातात परत आला. मला वाटलं, एवढं सोपं? मग बाकीच्या दमतात कशाला?

कॅप्टन : बघा, बढाई मारताना फुटला आवाज!

मनी : बढाई नाही, खरंच. पण ओरडायला तोंड उघडलं की ताई, आईचं बोट दिसतं. आवाज जातो परत आत.

कॅप्टन : आणि आम्ही तुला मनी म्हणतो, मांजराच्या पावलाने येतेस म्हणून. तुला आम्ही नाव नाही ठेवलं गं, घरचा पत्ताच सांगितला तुझा. कोण आहे तिकडे? मॅडम?

बाबा : आत येऊ का? बाहेर म्हणाले, ती इथे आहे.

मनी : बाबा! तुम्ही? या वेळी?

बाबा : भट्टीवरून तसाच आलो. तुझ्या आईने सांगितलं, आज मोठी मॅच आहे.

मनी : केसांत पीठ आहे तुमच्या! घरी जाऊन झोपा बरं आधी. रात्रभर उभे होतात.

कॅप्टन : बसा काका. मी हिची कॅप्टन. उठले असते, पण हा पाय बघा.

बाबा : बस, बस, बाळा. अरेरे. हिने नाही ना चेंडू मारला?

कॅप्टन : हिने नाक फोडलंय, ते दुसरीचं. पाय मी स्वतःच मुरगळून घेतला.

मनी : बाबा, विषय बदलू नका. घरी का नाही गेलात?

बाबा : जाऊन काय करू? झोप कुठे येते. तू होस्टेलला आलीस आणि घर शांत झालं.

मनी : मग उलट छानच की!

बाबा : कसलं छान. इतकी वर्षं पाठ टेकली की भिंतीपलीकडे धप, धप, धप. ते ऐकता ऐकता डोळा लागायचा. आता पडतो तर काहीच नाही. छताकडे बघत बसतो.

मनी : तुम्हाला ऐकू यायचं?

बाबा : भिंत आहे की वर्तमानपत्र ते! खालच्या मजल्यावरसुद्धा ऐकू यायचं.

मनी : मग बोलला का नाहीत कधी? मी श्वाससुद्धा जपून घ्यायचे, बाबा!

बाबा : बोललो असतो तर तू थांबली असतीस.

कॅप्टन : काका, तुमच्या झोपेपायी माझी मॅच जायची वेळ आलीय. कोर्टवर ओरडतच नाही ही. तुमची झोपमोड होईल म्हणून अजून घाबरते.

बाबा : ही ओरडत नाही? जन्मली तेव्हा दवाखान्याचा अख्खा मजला उठवला होता हिने!

मनी : बाबा!

कॅप्टन : आल्याच मॅडम! हो मॅडम, झालं ठरवून. मनी उतरेल. हो, मनीच. खात्री आहे. मने, मला तोंडघशी पाडू नकोस हं.

मनी : नाही पाडत. बाबा, तुम्ही ताईच्या मागे बसा. मला दिसाल असे.

(हॉलमध्ये. सामना अर्ध्याच्या पुढे गेला आहे. कॅप्टन बाकावर, बाबा तिच्या मागच्या खुर्चीवर.)

बाबा : चेंडू तर हिच्याच हातात असतो. मग आपण मागे कसे?

कॅप्टन : कारण बाकीच्यांना कळत नाही कुठे पळायचं ते! मने, तोंड उघड! बघा, परत इकडे बघतेय.

बाबा : तुझ्याकडे?

कॅप्टन : तुमच्याकडे. लहानपणची सवय, दुसरं काय. काका? डोळे का मिटलेत?

बाबा : मिटले नाहीत गं. ऐकतोय. लाकडावर जरा मोठा वाजतो, पण हात तोच. धप, धप...

कॅप्टन : काका? अहो काका! कमाल आहे, घोरायलासुद्धा लागले.

मनी : ताई, पाणी दे पटकन. मॅडमनी टाइमआउट घेतलाय. बाबा काय म्हणतायत?

कॅप्टन : तूच बघ.

मनी : झोपले? इथे? तो मागचा माणूस पत्र्याचा डबा बडवतोय तरी?

कॅप्टन : डबा, शिट्ट्या, मॅडमचं खेकसणं, सगळं पचवून झोपलेत. आता तू उठवून दाखव त्यांना. जा.

मनी : लंबू! डावीकडे! डावीकडे गं!

कॅप्टन : आई गं! हा आवाज कुठे ठेवला होतास इतके दिवस?

मनी : तुम्ही दोघी, मागे फिरा! आत्ता! लंबू, हात वर!

कॅप्टन : गेला! बास्केट! बरोबरी! काका, बघितलंत... नाही बघितलंत. ओरड मने, ओरड! हे काही उठत नाहीत!

मनी : मला दे! इकडे, मला दे!

कॅप्टन : टाक! टाकला! शिट्टी! जिंकलो! अहो काका, पोरीने जिंकवलं आपल्याला!

मनी : उठले?

कॅप्टन : छे. मान या खांद्यावरून त्या खांद्यावर टाकली, एवढंच. ये इकडे, मिठी मार. फायनलला दोघी खेळू. तू ओरड, मी लंगडत येते मागून. काय? काय म्हणालीस? घसा पार बसलाय तुझा, जरा मोठ्याने बोल!

मनी : हळू गं ताई. बाबा झोपलेत.