तारखेचा रकाना

डब्याचं झाकण खणकन फरशीवर पडलं आणि क्षयरोग दवाखान्यातली शांतता मोडली. लेकीच्या हातून निसटलेलं झाकण आईने उचललं. तिचा नवरा आत तपासणीला गेला होता. त्याला कुठलंच औषध लागू पडत नव्हतं, म्हणून त्याच्या थुंकीचा नमुना तीन महिन्यांपूर्वी मोठ्या संशोधनासाठी घेतला होता. त्याच संशोधनाचे दोन साहेब शेजारच्या बाकावर बोलत होते.

"अकरा देश एकत्र आणले आपण. खायचं काम नाही."

"नाहीच. आता फक्त फॉर्म अडलाय."

"अजून?"

"तारखेचा रकाना हो. पाच देश दिवस आधी लिहितात, पाच देश महिना."

"आणि अकरावा?"

"तो म्हणतो, आधी पुढच्या बैठकीची तारीख ठरवा."

"मग नमुने?"

"फ्रीजरमध्ये थांबलेत. आपल्यापेक्षा गारव्यात आहेत."

तिला राहवलं नाही.

"साहेब, त्यात आमच्या ह्यांचाही नमुना आहे. कुठलं औषध चालेल, ते कधी कळेल?"

"ताई, निर्धास्त राहा. उपसमिती नेमलीय."

"औषधासाठी?"

"रकान्यासाठी. पण माणसं फार हुशार आहेत."

लेकीने तिचा पदर ओढला.

"आई, नमुना फ्रीजरमध्ये थांबलाय. मग बाबा कुठे थांबणार?"