धाकटीला टाकीत उतरू न दिल्याबाबत

जबाब देणार : डेअरी फार्मवर दूध काढणारी बाई, फार्मवर 'थोरली' म्हणून ओळख, वय ३८ वर्षे, धंदा मजुरी, राहणार फार्मच्या मागील मजुरांच्या खोल्या.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी राहते व तेथेच काम करते. माझी लहान बहीण, जिला सगळे धाकटी म्हणतात, ती वासरांकडे कामाला आहे. ती, तिचा नवरा व त्यांची चार वर्षांची मुलगी माझ्या शेजारच्या खोलीत राहत होते. तिचा नवरा, म्हणजे माझे मेहुणे, पंपावर होते. गोठा धुतल्यावर शेणपाणी नालीतून मागच्या जमिनीखालच्या टाकीत जाते व तेथून पंपाने शेतात सोडतात. टाकीवर लोखंडी झाकण आहे. आत उतरायला शिडी आहे.

गेल्या महिन्यात सुरक्षेचे ट्रेनिंग देणाऱ्या बाई आल्या होत्या. त्यांनी आम्हाला जेवणाच्या खोलीत बसवून टॅबवर गेम खेळायला दिला. आमच्यातल्या पुष्कळांना वाचता येत नाही, कागद वाटून उपयोग नाही, म्हणून गेम आणला असे त्या म्हणाल्या. गेममध्ये अशीच टाकी होती व आत एक माणूस पडलेला होता. शिडीवर बोट दाबले की आपला माणूस खाली उतरे, लगेच कोसळे आणि पडदा काळा होई. मग पडलेली दोन माणसे दिसत. पुन्हा शिडी दाबली की तीन. पहिल्या खेपेला आम्ही सगळेच मेलो. खूप हसलो.

मेहुण्यांनी दर वेळी शिडीच दाबली. बाई म्हणाल्या, "दादा, आतला वायू डोळ्यांना दिसत नाही. वरूनच मदत बोलवा, आणि दुसऱ्या कोणालाही झाकणाजवळ येऊ देऊ नका."

मेहुणे म्हणाले, "माणूस खाली पडलाय आणि मी वर उभा राहून फोन लावू? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

त्यावर ट्रॅक्टरचा ड्रायव्हर म्हणाला, "तू उतर तर खरा, लोकांना तेवढी तसदीच पडणार नाही." धाकटी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

गेममध्ये टाकीपाशी वायू मोजायचे यंत्र, तोंडावरचा मास्क आणि दोरीचा पट्टा होता. आमच्या टाकीपाशी काय होते असे मला विचारले. फावडे होते आणि पाण्याचा नळ होता.

घटनेच्या दिवशी सकाळचे दूध काढून झाल्यावर पंप अडला. मॅनेजर मेहुण्यांना म्हणाले, "गोठ्यात पाणी उलटेल, लवकर बघ." खाली उतर असे ते म्हणाले नाहीत. उतरू नको असेही म्हणाले नाहीत. मी जवळच नळावर दुधाचे कॅन धूत होते. मेहुणे झाकण सरकवू लागले तेव्हा मी म्हटले, "भाऊजी, त्या बाईंनी काय सांगितलं होतं?"

ते म्हणाले, "ताई, ती मोबाइलमधली टाकी. ही माझ्या ओळखीची आहे. चिंधी अडकली असेल, हा गेलो नि हा आलो."

यापूर्वीही त्यांनी आत उतरून पंप मोकळा केलेला मी पाहिला आहे. मी परत कॅन धुवायला लागले.

थोड्या वेळाने धप्प असा आवाज आला. मी हाक मारली. ओ आली नाही. जाऊन पाहिले तर ते शिडीच्या पायथ्याशी कुशीवर पडलेले होते. मी ओरडून ड्रायव्हरला बोलावले. त्याने अग्निशमन दलाला फोन लावला, वरून दोर सोडला आणि हाका मारल्या. दोर कोणी धरला नाही.

तेवढ्यात धाकटी वासरांकडून पळत आली. तिने काही विचारले नाही. सरळ शिडीवर पाय टाकला. मी तिला मागून कमरेला मिठी घालून बाहेर ओढले आणि जमिनीवर धरून ठेवले.

ती म्हणाली, "सोड ताई. हात हलतोय त्यांचा."

मी नाही म्हटले.

"अगं हलतोय, बघ तरी एकदा."

मी बघितले नाही. अग्निशमन दलाची गाडी येईपर्यंत मी तिला सोडले नाही. जवान मास्क लावून खाली उतरले व मेहुण्यांना वर घेऊन आले. दवाखान्यात ते मयत असल्याचे सांगितले.

डॉक्टर मला म्हणाले, की अशा टाकीत दोन-तीन श्वासांतच सगळे आटोपते. मी ते धाकटीला सांगितले. ती म्हणाली, "डॉक्टर होते का तिथे?" त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. मुलगी दोन्ही खोल्यांत येते-जाते.

नवरा जिवंत असताना थोरलीने मला जाऊ दिले नाही, अशी धाकटीची तक्रार असल्याचे मला सांगितले. मी तिला जाऊ दिले नाही हे खरे आहे. ते त्या वेळी जिवंत होते की नाही हे मला माहीत नाही. मी का बघितले नाही असे साहेबांनी विचारले. हात हलताना दिसला असता तर माझ्याने तिला धरवले नसते, आणि तिच्या मागोमाग मीही गेले असते. लहान मुलीचा विचार मनात आला होता का, असेही विचारले. आला असता तर सांगायला बरे वाटले असते. त्या वेळी तो काळा पडदाच डोळ्यांसमोर होता.

माझ्या उजव्या हाताला पट्टी कशाची, असे विचारले. धाकटी चावली. टाके पडले आहेत. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, आणि ते तिच्यावर लिहू नये.

मला वाचता येत नसल्याने वरील जबाब हवालदार बाईंनी मोठ्याने वाचून दाखवला. खोलीचे दार उघडे होते व धाकटी बाहेर बाकावर बसलेली होती, त्यामुळे तिलाही तो ऐकू गेला असेल. जबाब मी सांगितला तसाच लिहिलेला आहे व तो बरोबर आहे.