ग्रीक देवाची सुरमई

हे मी सांगायचं नव्हतं, पण सांगतेच. माझी नऊ वर्षांची बहीण गौरी सध्या ग्रीक देवांच्या साहसकथेत बुडाली आहे. बाबांच्या होडीला चार दिवस मासळी नव्हती. घरात सुरमईची एकच तुकडी उरलेली, तीही गौरीने चुलीत टाकली.

“समुद्रदेव पोसायडनला दिली. ग्रीक देवांना जाळूनच द्यावं लागतं.”

आई म्हणाली, “दर्यात राहतो, न् त्याला मासा कमी हाय? आपल्या दर्याला नारळ पुरतो.”

दुसऱ्या दिवशी होडी सुरमईने भरून आली.  संध्याकाळी आईने इकडेतिकडे बघून एक तुकडी चुलीत सरकवली आणि हात जोडून हळूच म्हणाली, की आता पापलेटचंही तेवढं… थांबा, आई हाक मारतेय. आले गं, आई!