दारापेक्षा चार इंच रुंद

घरं दाखवणाऱ्या एजंटच्या ऑफिसात माझ्या पुढच्या बाकावर एक जोडपं बसलं होतं. तिच्या गळ्यातल्या शिवणाच्या टेपवरचे पहिले दोन इंच झिजून कोरे झाले होते. त्याच्या कानामागे सुताराची पेन्सिल होती.

“अहो, आज हो म्हणा. महिनाअखेरीला आपल्याला खोली सोडायचीय, आणि या घराचं भाडं झेपतंय.”

“स्वयंपाकघर अंधारं वाटलं मला.”

“आधीच्या घरात उजेड जास्त होता. त्याच्या आधी जिना अरुंद. अकरा घरांना नाकं मुरडलीत तुम्ही.”

“बघून घ्यावं माणसानं.”

“खोट घरांत नाहीये. कपाटात आहे.”

“हळू बोल, लोक ऐकतायत.”

“ऐकू देत. एवढे नावाजलेले सुतार, आणि लग्नातलं कपाट खोलीत बसून जोडलंत. दारापेक्षा चार इंच रुंद! आडवं-तिरकं कसंही केलं तरी बाहेर निघत नाही.”

“तेव्हा कुठे जायचं होतं आपल्याला?”

“मी साधं झबलं शिवते, तरी डोकं जाईल एवढा गळा ठेवते.”

“अगं, अख्खं सागवान आहे. एक खिळा नाही त्यात.”

“मग त्यातच राहू दोघं. वरचा कप्पा तुमचा.”

“मला उंची सोसत नाही.”

“मधोमध कापलं, तर दोन कपाटं होतील. एक माझं.”

“आणि बिजागऱ्या?”

“नव्या आणू.”

एजंटनं मान वर केली. “काका, काय ठरलं? दुसरी पार्टी थांबलीय.”

“घर घेतलं. चावी उद्या द्या. आज कपाटाला करवत लावतो.”