सेंट्रिंगचा सवाल

नाही मॅडम, खुर्ची राहू द्या, मी उभाच बरा — काल तुमच्या तोंडी परीक्षेत जी पोरगी मुकी उभी राहिली ना, वैभवी, तिचा आजा आहो मी. चौथीपर्यंत शिकलो, म्हणून सरळ बोलतो. पेपर घ्या ना लेकरांचा, लिवतेत बिचारे. हे समोर उभं करून काहून, काहून — पोलीस आहा का तुमी? उद्या पुन्हा बोलावलं म्हणे तिले. बोलवा. पण तो सवाल तेवढा सोडा — स्लॅबखालची सेंट्रिंग, ते टेकू-फळ्या, लवकर काहून काढू नये, तो. दुसरं काहीबी इचारा. सिमेंट इचारा, गिट्टी इचारा. येत नाही असं कोण म्हणते? येते तिले. तिच्या भावाले येत नव्हतं.

गोलू. तोबी इथंच शिकलेला इंजिनिअर, पेपरात पैला — आता तुमी कायले उभ्या राहिल्या? बसा. बेसा गावाकडं साइट होती त्याची. ठेकेदाराले सेंट्रिंग खोलून दुसरीकडं न्यायची होती. गोलू म्हणे, इतके दिवस ठेवा लागते. ठेकेदार हासला, सगळ्या मजुरांसमोर — काहून गा, साहेब? आता आकडा पाठ होता त्याले, पण काहून ते कोणी इचारलंच नव्हतं कधी, पेपरात आकड्यालेच मार्क. मिस्त्रीनं सांगितलं मले, मानच खाली घातली पोरानं. खोलू दिली. अन् मंग स्लॅब वाकला काय म्हणून पाहाले खाली गेला — तिथंच आला अंगावर.

पोरगी मोठ्यानं वाचते घरी, सेंट्रिंगपाशी आली की थांबते. वच्छला, माही बायको, म्हणते थकली असन. थकली नाही. ती थांबली की मले गोलू ऐकू येते — आकडा सांगते, पुन्हा आकडाच सांगते, पुढचं येत नाही त्याले. भरदुपारी. मी इकडून म्हणतो, सांग गा, सांग ना — म्हणून तर आलो तुमच्याकडं, की तो सवाल सोडला तर घरात निदान —

थांबा. सोडला तुमी, अन् उद्या तिलेबी कोणी हासलं म्हणजे?

इचारा तिले. रडली तरी इचारा, सांगेपर्यंत सोडू नका. अन् मी आलतो हे बोलू नका तिच्यापाशी. पानी नको मले. कायले पाहून राहिल्या? जा, तुमचा तास असन.